मुक्या आकाशाचे वैमानिक : जे. आर. डी. टाटा

शापोरा नदीच्या तीरावर आमचे चोपडे गाव वसलेले आहे. पैलतीरी शिवोली. आज दोन्ही तीर पुलाने जोडले गेले आहेत. परंतु पूल नव्हता तेव्हा नदी ओलांडावयाची म्हणजे फेरीबोटीची वाट पाहावी लागे, आणि होड्यांच्या काळात तर पलीकडच्या होडीवाल्यास हाक मारावी लागे. मोकळ्या पाण्यावरून हाक दूरवर जाते. मध्ये डोंगराची सोंड आली की ती अडते. दोघांनी एकाच वेळी हाका मारल्या तर कोणाचेच बोलणे धड कळत नाही. आणि हाक ऐकू येऊनही शब्द नीट कळला नाही, तर होडी भलत्याच धक्क्याला लागण्याचा संभव असतो.

आता आमच्या पेडणे तालुक्यात मोपा येथे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ झाला आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथे विमानांची ये-जा सुरू झाली. ती विमाने पाहताना आपल्याला त्यांची घरघर तेवढी ऐकू येते. परंतु प्रत्येक विमानातील वैमानिक त्या वेळी भूमीवरील कोणाशी तरी बोलत असतो, अथवा कान देऊन ऐकत असतो, हे आपल्या ध्यानात येत नाही. आकाश आज बोलके झाले आहे. ते नेहमीच तसे नव्हते. आकाश मुके होते त्या काळी ज्यांनी आपल्या देशात विमानाने टपाल वाहून नेले, आणि पुढे बोलक्या आकाशातही एका अपुऱ्या शब्दाची किंमत केवढी असते हे ज्यांना पाहावे लागले, त्या जे. आर. डी. टाटा यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील रतनजी दादाभाई हे टाटा घराण्यातील उद्योगपती, तर आई सुझान ह्या फ्रेंच होत्या. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आर्देलो नावाचे गाव आहे. तेथे टाटा कुटुंब सुटीच्या दिवसांत राहावयास जाई. १९०९ साली इंग्लिश खाडी विमानाने ओलांडून साऱ्या जगाला चकित करणारे लुई ब्लेरियो यांचेही घर त्याच गावी होते. समुद्रकाठच्या वाळूवर उतरणारी ती लाकडाची आणि कापडाची विमाने पाहून बालक जहांगीर वेडावून गेला. पंधरा वर्षांचे असताना त्यांना प्रथमच विमानात बसावयास मिळाले, आणि आपण वैमानिक व्हावयाचे हा निश्चय त्यांच्या मनात पक्का झाला.

त्यांचे शिक्षण एका ठिकाणी असे झालेच नाही. पॅरिस, मुंबई, जपानमधील योकोहामा आणि इंग्लंड अशा अनेक ठिकाणी ते शिकले. काही काळ त्यांनी फ्रेंच सैन्यातही काढला. १९२५ साली वडिलांनी त्यांना मुंबईस बोलावून घेतले आणि टाटांच्या कचेरीत कामाला लावले. पुढच्याच वर्षी वडिलांचे छत्र हरपले. ऐन बाविशीत घराचा सारा भार त्यांच्यावर येऊन पडला. तथापि आकाशाची ओढ काही कमी झाली नाही. मुंबईत जुहू येथे फ्लाइंग क्लब निघताच ते तेथे शिकू लागले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी ‘एअरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा’ ह्या संस्थेने त्यांना वैमानिकाचा परवाना दिला. त्यावर क्रमांक होता १.

त्यानंतरची एक हकीकत आमच्या विद्यार्थिमित्रांनी अवश्य लक्षात ठेवावी. इंग्लंड ते हिंदुस्थान हा प्रवास एकट्याने विमानातून जो भारतीय प्रथम पूर्ण करील, त्यास आगाखान यांनी ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. १९३० साली जे. आर. डी. कराचीहून निघाले, तर अस्पी इंजिनिअर नावाचा एक तरुण इंग्लंडकडून येत होता. वाटेत इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पी यांचे विमान स्पार्क प्लग नसल्यामुळे अडकून पडले होते. जे. आर. डी. यांनी आपल्याजवळचा प्लग काढून प्रतिस्पर्ध्याला दिला. पुढे अस्पी यांनीच थोड्या तासांच्या अंतराने ती स्पर्धा जिंकली. जे. आर. डी. यांना त्याचा खेद झाला नाही. हेच अस्पी इंजिनिअर १९६० साली भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले.

आता त्या काळच्या विमानांकडे वळू. नेव्हिल व्हिन्सेंट नावाच्या एका वैमानिकाने कराचीहून मुंबईमार्गे मद्रासपर्यंत विमानाने टपाल नेण्याची योजना टाटांपुढे मांडली. विलायतेहून येणारे हवाई टपाल तेव्हा कराचीपर्यंतच येत असे. ही योजना जे. आर. डी. यांनी उचलून धरली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी एका लहानशा ‘पस मॉथ’ विमानात टपालाच्या पिशव्या घेऊन ते एकटेच कराचीहून निघाले. अहमदाबादेस पेट्रोल भरून दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी ते जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून व्हिन्सेंट यांनी दुसऱ्या विमानाने ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला पोचविले. भारतातील नागरी विमानवाहतुकीचा पाया ह्या उड्डाणाने घातला गेला.

सव्वासात तासांच्या त्या प्रवासात त्यांना एकही मानवी शब्द आकाशात ऐकू आला नाही. विमानात रेडिओ नव्हता, आणि भूमीवरही वैमानिकास वाट दाखविणारे कोणतेही साधन नव्हते. पुढे मुंबईवर धुके आहे की पाऊस, वारा कोणत्या दिशेचा आहे, मैदानावर गुरे शिरली आहेत की ते मोकळे आहे, यांपैकी काहीही त्यांना आधी कळण्याचा मार्ग नव्हता. होकायंत्र, नकाशा, खाली दिसणारा रेल्वेमार्ग अथवा समुद्रकिनारा आणि स्वतःचे डोळे, एवढ्यावरच भिस्त. इंजिन बंद पडले असते, तर मदतीसाठी हाक मारण्याचीही सोय नव्हती. जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलाने आणि पाण्याने भरून जाई. तेव्हा विमाने पुण्यास हलवून येरवड्याच्या तुरुंगाजवळील मैदानावरून उडवावी लागत. पश्चिम घाटावरचे ढग, मुसळधार पाऊस आणि मुके विमान! अशा स्थितीतही पहिल्या पूर्ण वर्षात ह्या सेवेने सुमारे १,६०,००० मैलांचा प्रवास केला, आणि तिच्या वक्तशीरपणाची वाखाणणी सर्वत्र झाली.

ह्या सेवेचा आमच्या गोव्याशीही संबंध आला, ही गोष्ट फारच थोड्या लोकांस ठाऊक आहे. १९३५ सालच्या ऑक्टोबर महिन्यात टाटांनी मुंबई ते त्रिवेंद्रम अशी टपालसेवा सुरू केली. तिच्या वाटेवरचे थांबे होते गोवा आणि कण्णूर. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल होता, आणि दाभोळीचा विमानतळ व्हावयास अजून वीस वर्षांचा अवधी होता. कोकणचा किनारा डाव्या हाताला ठेवून, नद्यांची मुखे एकामागून एक मोजीत ती चिमुकली विमाने दक्षिणेस जात असावीत, अशी कल्पना आम्ही शापोऱ्याच्या तीरावर उभे राहून करतो. आज त्याच वाटेवरून जाणारा वैमानिक मोप्याशी बोलत जातो.

हे बोलणे होते तरी कसे? त्याचे मूलतत्त्व अवघड नाही. वैमानिक ध्वनिग्राहकात, म्हणजे मायक्रोफोनमध्ये, बोलतो. त्याच्या आवाजाचे विजेच्या मंद लहरींत रूपांतर होते. ह्या लहरी स्वबळावर दूर जाऊ शकत नाहीत. म्हणून प्रेषक यंत्र अत्यंत वेगाने कंप पावणारी एक दुसरी लहर निर्माण करते. तिला वाहक लहर म्हणतात. आवाजाच्या चढउताराप्रमाणे ह्या वाहक लहरीची उंची कमीजास्त केली जाते, आणि ती एरियलमधून आकाशात सोडली जाते. जणू टपालाची पिशवीच विमानाच्या पाठीवर बांधून दिली! पलीकडील ग्राहक यंत्र नेमक्या त्याच वारंवारतेवर लावलेले असले, की ते ती लहर पकडते, वाहक बाजूला काढते आणि आवाज तेवढा कानांस ऐकविते.

नागरी विमानांच्या ह्या संभाषणासाठी ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झ ह्या दरम्यानच्या लहरी राखून ठेवलेल्या आहेत. मेगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला दहा लक्ष कंप. ह्या लहरी प्रकाशाप्रमाणे जवळजवळ सरळ रेषेत जातात. त्यामुळे मध्ये डोंगर आला, किंवा पृथ्वीची गोलाई आड आली, की बोलणे तुटते. विमान जितके उंच, तितका त्याचा आवाज दूर पोचतो. विद्यार्थ्यांना येथे एक सोपे गणित करून पाहता येईल. विमानाची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे, आणि त्यास ४ ने गुणावे. आलेली संख्या म्हणजे ह्या लहरी भूमीवर सुमारे किती किलोमीटरपर्यंत पोचतील तो आकडा. १०० मीटर उंचीवरून सुमारे ४० किलोमीटर. १०,००० मीटर उंचीवरून सुमारे ४०० किलोमीटर. उंची शंभरपट वाढली, तरी अंतर दहापटच वाढते.

मग महासागरावरून जाणाऱ्या विमानाने काय करावे? त्यासाठी ३ ते ३० मेगाहर्ट्‌झ ह्या पट्ट्यातील लहरी वापरतात. वातावरणाच्या वरच्या भागात सूर्यकिरणांमुळे विद्युत्‌भारित झालेला एक थर आहे. ह्या लहरी त्या थरावरून वळून पुन्हा पृथ्वीकडे येतात, आणि अशा रीतीने हजारो किलोमीटर दूर जातात. मात्र त्यांत खरखर फार असते, आणि दिवस-रात्रीप्रमाणे त्यांचा पल्ला बदलतो. आता ह्या कामी उपग्रहांचेही साहाय्य मिळते.

यंत्राइतकेच महत्त्व बोलण्याच्या शिस्तीला आहे. विमानातील बटण दाबले की बोलता येते, पण त्या वेळी ऐकता येत नाही. सोडले की ऐकता येते, पण बोलता येत नाही. एका वारंवारतेवर अनेक विमाने असतात. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही शब्द शिट्टीसारख्या कर्कश आवाजात बुडून जातात. म्हणून नियम असा की, आधी ऐकावे आणि मग बोलावे. प्रथम कोणास हाक मारतो ते सांगावे, नंतर आपण कोण ते सांगावे, आणि मग थोडक्यात काम सांगावे. अक्षरांचा घोटाळा होऊ नये म्हणून प्रत्येक अक्षरासाठी जगभर एकच शब्द ठरविलेला आहे. भारतीय विमानांच्या नोंदणीची पहिली दोन अक्षरे ‘व्ही’ आणि ‘टी’. ती ‘व्हिक्टर’, ‘टँगो’ अशी उच्चारतात. नियंत्रकाने उंची अथवा दिशा सांगितली की वैमानिकाने ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवावयाची असते. आणि संकटात सापडलेल्यासाठी १२१.५ मेगाहर्ट्‌झ ही वारंवारता सदैव मोकळी ठेवलेली असते.

पुन्हा चरित्राकडे वळू. १९३८ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, जे. आर. डी. टाटा उद्योगसमूहाचे अध्यक्ष झाले. त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, इंग्लंडहून परतताना विमानासह नाहीसे झाले. त्या दुःखातूनही काम पुढे गेले. १९४६ साली टाटांच्या विमानसेवेस ‘एअर-इंडिया’ हे नाव मिळाले, आणि ८ जून १९४८ रोजी तिचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान कैरो आणि जिनिव्हा मार्गे लंडनला निघाले. स्वतंत्र भारताचे नाव घेऊन निघालेल्या ह्या विमानात जे. आर. डी. स्वतः प्रवासी होते. सोळा वर्षांपूर्वी कराचीहून निघालेल्या त्या एकाकी वैमानिकाच्या मानाने केवढे हे अंतर! आता विमानात रेडिओ होता, आणि देशोदेशीच्या भूमीवरून त्याला उत्तरे मिळत होती.

परंतु रेडिओ आला म्हणजे संकट टळलेच असे होत नाही. ३ नोव्हेंबर १९५० रोजी हेच ‘मलबार प्रिन्सेस’ आल्प्समधील मों ब्लां पर्वतावर आदळून ४८ जण मृत्युमुखी पडले. त्याहून मोठा आघात १९६६ साली झाला. १९५३ साली विमानसेवा सरकारच्या मालकीची झाली होती. तरी एअर-इंडियाचे अध्यक्षपद जे. आर. डी. यांच्याकडेच होते. २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनजंगा’ नावाचे बोइंग ७०७ विमान बेरूतहून जिनिव्हाकडे येत होते. दिशा दाखविणाऱ्या रेडिओ ग्राहक यंत्रांपैकी एक बिघडलेले होते. आपण मों ब्लांच्या संबंधात नेमके कोठे आहोत याचा वैमानिकाचा अंदाज चुकला, आणि तोच अंदाज त्याने रेडिओवरून खाली कळविला. रडारवर पाहणाऱ्या नियंत्रकाच्या ध्यानात ती चूक आली. त्याने खरे स्थान हेरून वैमानिकास तसा संदेशही दिला. आवाज पोचला, शब्दही ऐकू आले. परंतु ते शब्द पुरेसे नेमके नव्हते. पर्वताची धार आपण ओलांडली आहे असाच अर्थ वैमानिकाने घेतला, आणि विमान खाली आणणे चालूच ठेवले. ते पर्वतावर आदळले. विमानातील सर्वच्या सर्व ११७ माणसे मरण पावली. चौकशीमंडळाचाही निष्कर्ष हाच निघाला की, शब्दयोजना पुरेशी नेमकी नसल्यामुळे ती दुरुस्ती वैमानिकाच्या समजुतीत चुकीची उतरली.

त्या ११७ जणांत भारताच्या अणुसंशोधनाचे प्रणेते डॉ. होमी भाभा होते. त्यांचे वय तेव्हा अवघे छप्पन्न वर्षांचे होते. दोन दशकांपूर्वी भाभांनी संशोधनसंस्थेची कल्पना जे. आर. डी. यांनाच प्रथम पत्राने कळविली होती. त्यांच्याच प्रोत्साहनाने आणि टाटा विश्वस्तनिधीच्या साहाय्याने १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. आपला मित्र, आपल्याच संस्थेच्या विमानात, एका अपुऱ्या वाक्यामुळे गेला, हे दुःख अध्यक्षाच्या आसनावर बसलेल्या माणसाने कसे सोसले असेल, ह्याची कल्पनाच केलेली बरी. वैमानिक निष्काळजी नव्हता, नियंत्रकही दक्ष होता. दोघांमध्ये उणे होते ते केवळ नेमक्या शब्दाचे.

जे. आर. डी. यांच्या स्वभावातील एक गुण येथे सांगणे प्राप्त आहे. तो गुण म्हणजे तपशिलाची कदर. एअर-इंडियाच्या विमानातून ते प्रवास करीत, तेव्हा लहानसहान उणिवाही टिपून ठेवीत आणि संबंधित अधिकाऱ्यांस लेखी कळवीत. एखादी खुर्ची नीट मागे होत नाही, चहा चांगला झालेला नाही, एखादा कोपरा अस्वच्छ राहिला आहे, असल्या गोष्टी मोठ्या माणसाने का पाहाव्यात, असे कोणास वाटेल. परंतु मुक्या आकाशातून टपाल नेणाऱ्या माणसाला ठाऊक असते की, लहान गोष्ट अशी कोणती नसतेच. आपल्या पत्राचा मसुदाही ते पुनःपुन्हा तपासून, शब्द बदलून मगच पाठवीत.

१९७८ साली सरकारने त्यांना एअर-इंडियाच्या अध्यक्षपदावरून दूर केले. पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ जी संस्था त्यांनी वाढविली, तिच्यापासून असे दूर व्हावे लागणे त्यांना जिव्हारी लागले. तथापि त्यांनी कडवटपणा धरला नाही. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या उड्डाणास पन्नास वर्षे झाली तेव्हा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जे. आर. डी. ‘लेपर्ड मॉथ’ नावाच्या जुन्या लहान विमानातून एकटेच कराचीहून निघून मुंबईस जुहूला उतरले. १९९२ साली त्यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या पश्चात, २७ जानेवारी २०२२ रोजी, एअर-इंडिया पुन्हा टाटांच्या हाती आली.

विद्यार्थिमित्रहो, आपणांपैकी सगळेच काही वैमानिक होणार नाहीत. परंतु निरोप देणे आणि निरोप घेणे हे काम आपणा सर्वांच्या वाट्यास येतेच. गुरुजींनी दिलेला निरोप घरी सांगताना, आजारी आजोबांच्या औषधाची वेळ आईस कळविताना, वाट चुकलेल्या पाहुण्यास घराची खूण सांगताना आपण अर्धवट बोलतो. आणि ऐकणारा अर्धवट ऐकून मान डोलावतो. वैमानिकांचा नियम आपणही पाळून पाहावा. आधी नीट ऐकावे. थोडके पण नेमके बोलावे. आणि महत्त्वाची गोष्ट असेल तर ऐकणाऱ्याकडून ती एकवार परत म्हणवून घ्यावी. ह्यात वेळ जातो तो क्षणाचा. न पाळल्यास काय जाते, हे मों ब्लांच्या बर्फाने दाखवून दिले आहे.

संध्याकाळी नदीकाठी बसलेले असताना मोप्याकडे उतरणारे विमान दिसले, तर त्याच्याकडे क्षणभर पाहावे. आत बसलेला वैमानिक ह्या वेळी भूमीवरून आलेली आज्ञा शब्दाशब्दाने परत म्हणून दाखवीत असेल. ती म्हणून झाल्यावरच विमान धावपट्टीकडे वळते.